आधी हात धुणारा माणूस

मधू गेल्याचा फोन रोह्याहून त्याच्या मुलीनं केला. "काका, बाबा गेले..." त्याला महिना उलटला. आता लिहायलाच हवं.

मधू गुरांचा डॉक्टर. माझी पेणला रक्त-लघवी तपासायची लॅब. नव्वदच्या दशकात खांब गावाजवळ हायवेवर एका ट्रकमध्ये सिंहपुच्छ वानराची मादी सापडली. अंग काळंभोर, तोंडाभोवती करडी आयाळ; दक्षिणेतल्या जंगलांत थोडीच उरलेली ही जात. पुढची सोय होईपर्यंत तिला एका गावाबाहेर वनखात्याच्या रोपवाटिकेत पिंजऱ्यात ठेवलं आणि मधू तिला बघायला जाऊ लागला. लोक पिंजऱ्यातून आल्यावर हात धुतात. मधू आत जाण्याआधीही धुवायचा. मी हसलो, तर म्हणाला, "आपल्या अंगावरचं तिला सोसायचं नाय रे."

गावातली पोरं जाळीतून हात घालून तिला केळी भरवायची, खाजवायची. पोरांना नायटा आधीपासून होताच. पुढं तिच्या दंडावरही गोल चट्टा उठला. गाव म्हणालं, माकडानं रोग आणला. मधूनं पोरांच्या आणि तिच्या चट्ट्यांवरची खरवड तपासायला माझ्याकडं आणली. बुरशी एकच निघाली, आणि तीही माणसाच्या कातडीवर राहणारी, माणसाकडून माणसाला जाणारी. म्हणजे पोरांनीच तिला दिलेली.

देवळात सभा भरली. "दोन्हीकडं एकच बुरशी हाय," मी सांगितलं. समोर पोरांच्या आया बसलेल्या. एकीनं विचारलं, "म्हंजे माकडाचीच ना वो?" पुढचं वाक्य माझ्या तोंडात होतं... ते मी गिळलं. मधू उठला, तर मागून कोणी म्हणालं, "तुमी गुरांचे डाक्टर, गुरांचं बघा." सगळे हसले. चट्टा बरा व्हायच्या आत तिला घाईनं हलवलं. वाटेतच ती मेली. मधूला मात्र माकडाचा रोग पोसणारा म्हणून टोमणे खावे लागले, पार मुलीच्या लग्नापर्यंत.

माझ्याशी तो भांडला नाही. भेटला की म्हणायचा, "ये अर्ध्या रिपोर्टा, चहा घे."

तर उरलेला अर्धा असा. रोग माकडाचा नव्हता, आपला होता. मधू खरं बोलत होता आणि मला ते ठाऊक होतं. येत्या रविवारी त्याच देवळात उभा राहून मी हेच सांगणार आहे. ती पोरं आता बाप झालीत. ऐकोत, न ऐकोत.

दिवसकार्याला गेलो तेव्हा मधूच्या गोठ्यात नवं वासरू होतं. मी हात पुढं केला, तर त्याची मुलगी म्हणाली, "काका, आधी हात."

मी नळाशी गेलो.