पेटी विकली, मग एक सूर खरखरला

हार्मोनियम बबल रॅपमध्ये गुंडाळणार, तेवढ्यात मी संदीपला थांबवलं. पॅकिंगचा व्हिडिओ राहिला होता.

सोनईत आम्ही नवरा-बायको जुन्या वस्तू ऑनलाइन लिलावात विकतो. तो पुसतो, पॉलिश करतो, बांधतो. फोटो, माहिती आणि खरेदीदारांशी बोलणं माझ्याकडे. लिलाव संपला की सगळ्यात मोठी बोली ज्याची, वस्तू त्याची. माझं खरं काम तिथून सुरू होतं. वस्तू हातात पडेपर्यंत त्या माणसाला आम्ही दिसत नाही, फक्त आमचे मेसेज दिसतात.

ही पेटी काष्टीच्या एका घरातल्या माळ्यावरून आली होती. शेवटच्या मिनिटापर्यंत बोली चढत गेली आणि ती ताराबाईंना मिळाली. भंडारदऱ्याजवळच्या गावातल्या त्या निवृत्त शिक्षिका. त्यांच्या चर्चच्या गायनमंडळाची पेटी उंदरांनी कुरतडली होती. रविवारच्या उपासनेआधी ही पोचेल ना, एवढंच त्यांनी विचारलं होतं. पोचेल, असं मी कळवून बसले होते.

व्हिडिओसाठी मी भाता हलवत एकेक पट्टी दाबत गेले. मला वाजवता येत नाही. तरी मधली एक पट्टी खरखरतेय, हे मलाही कळलं. आणि माहितीत मी लिहिलं होतं, ‘सगळे सूर चालू.’

संदीप म्हणाला, “लई विचार करू नको. एका सुरानं काय हुतंय? वाटेत हादरे बसून बिघडला म्हनू.”

मला ते पटेना. त्या सुराचं रेकॉर्डिंग ताराबाईंना पाठवलं. चूक माझी आहे, नको असेल तर व्यवहार रद्द करू, असं लिहिलं.

दोन दिवस उत्तर नाही. फोन लावला तर रेंजबाहेर. ओळखीचा टेम्पो शुक्रवारी सकाळी त्यांच्याच अकोले तालुक्यात जाणार होता. गुरुवारी संदीप म्हणाला, दुसऱ्या नंबरच्या बोलीवाल्याला विचार. मी मेसेज लिहायला घेतला आणि व्हिडिओ कॉल आला.

ताराबाई धरणाच्या वरच्या रस्त्यावर उभ्या होत्या. मागे गायनमंडळातल्या सहा-सात बायका, पदर सावरत. रेंज तिथेच मिळते म्हणे.

“ती पांढरी पाच आहे,” ताराबाई म्हणाल्या. “आमची निम्मी गाणी तिथूनच सुरू होतात.”

मग रद्द करते, असं मी म्हणाले.

“रद्द कशाला? स्क्रू ड्रायव्हर आहे का घरात?”

पुढचा अर्धा तास त्या सांगत होत्या आणि आम्ही करत होतो. झाकण काढलं. पट्ट्यांची फळी सोडवून उलटी केली. खाली पितळेच्या बारीक पात्यांची रांग होती. हवेने पातं थरथरलं की सूर निघतो. संदीप चुकीच्या पात्याला हात लावणार, तोच ताराबाईंनी त्याला शाळेतल्यासारखं दटावलं. फळी उलटी आहे, मोजणीही उलटी कर. तो निमूटपणे दुसऱ्या बाजूने मोजायला लागला. पात्याखालून कागदाची पट्टी हलकेच फिरवली, तसा लाल कापडाचा एक धागा बाहेर आला.

सगळं पुन्हा जोडलं. मी पट्टी दाबली. स्वच्छ, भरदार सूर.

“आता सोडू नका,” ताराबाई म्हणाल्या आणि त्या बायकांनी तिथल्या तिथे गाणं उचललं. मी एकच पट्टी दाबून भाता हलवत राहिले. हात भरून आला, तरी थांबावंसं वाटेना. संदीप पॉलिशचं फडकं हातात धरून ऐकत होता.

शुक्रवारी पेटी गेली. सोमवारी ताराबाईंचा अभिप्राय आला. पाचपैकी पाच तारे, आणि खाली एक ओळ: ‘विक्रेत्या प्रामाणिक आहेत, भाता मात्र फार जोरात हलवतात.’

तेव्हापासून वस्तूत दोष सापडला की मी आधी घेणाऱ्यालाच सांगते. बऱ्याचदा त्याला त्या वस्तूतलं आमच्यापेक्षा जास्त कळत असतं.