लॅमिनेट केलेला रिपोर्ट

गल्लीत त्याला सगळे मिस्त्री म्हणतात. वय बत्तीस. पाण्याचे पंप दुरुस्त करतो. मी साहित्यात पदवी घेतलेला, त्याच्या दुकानात बसून फुकटचा चहा पिणारा मित्र.

त्याच्या लग्नाला सहा वर्षं झाली तरी मूल नव्हतं. तपासणीत त्याचे शुक्राणू नॉर्मल निघाले, संख्याही आणि हालचालही. आईने तो रिपोर्ट लॅमिनेट करून कपाटाच्या काचेमागे ठेवला. पाहुणा आला की रिपोर्ट बाहेर. "आमच्या मुलात काही नाही, बघा." वहिनी आत भांडी विसळत असायच्या. त्यांच्या पोटात दोनदा दुर्बीण घालून झाली होती. काही सापडलं नव्हतं. आता तिसऱ्यांदा, सोमवारी.

"ती जाणार नाही," मिस्त्री म्हणाला. टेबलावर एक मोटर छान गुणगुणत होती. त्याने ती बंद केली. "गिऱ्हाईक म्हणतं, चालतेय की. रिकामी कुठलीही चालते. पाणी चढवायला लावलं की कळतं. माझं तसं कुणी तपासलंय?"

हेच त्याने डॉक्टरबाईंना विचारलं. मी शेजारी अंग चोरून बसलो होतो. बाई हसल्या नाहीत.

"अशी चाचणी आहे. नेहमी करत नाहीत," त्या म्हणाल्या. "शुक्राणूच्या शेपटीवर सूक्ष्म दारं असतात. आयन चॅनल म्हणतात त्यांना. स्त्रीबीजाजवळ गेल्यावर ती उघडतात, कॅल्शियम आत शिरतं आणि शेपटी जोरात फटके मारते. त्याशिवाय बीजाचं कवच भेदता येत नाही. दारं बिघडली, तरी साध्या तपासणीत पोहणं ठीकच दिसतं."

दाट द्रवातून पोहायला लावायची ती चाचणी झाली. मिस्त्रीचे शुक्राणू जेमतेम सरकले. आणखी एका तपासणीने पक्कं झालं. दारं उघडत नव्हती.

"औषध?"

"अजून नाही. पण एक शुक्राणू सुईने थेट बीजात सोडता येतो. खात्री नाही देत. आणि बीजं वाढवायची इंजेक्शनं बायकोलाच घ्यावी लागतील."

"ते ती ठरवेल. सोमवारची दुर्बीण?"

"गरज नाही."

मला वाटलं, आता हा रिपोर्ट खिशात जाईल. माझा गेला असता. तो सरळ लॅमिनेशनच्या दुकानात शिरला. दुकानदाराने कागद वाचला आणि वर पाहिलं.

"कडा नीट चिकटव," मिस्त्री म्हणाला.

घरी मावशी आली होती. आईचा हात कपाटाकडे निघालाच होता. मिस्त्रीने नवा रिपोर्ट तिच्यापुढे धरला. "आता हा दाखव."

आईने तो दोनदा वाचला. "अरे, हे काय चारचौघांत दाखवायचं असतं?"

"पहिला दाखवलास की."

"तो चांगला होता."

"अर्धवट होता. दोष माझ्यात आहे. सोमवारी ही कुठेही जाणार नाही."

मावशीचा कप ओठांपाशीच राहिला. आतला भांड्यांचा आवाज थांबला. वहिनी ओल्या हातांनी बाहेर आल्या. त्यांनी काचेमागचा जुना रिपोर्ट काढला, सासूबाईंच्या हातातला नवा घेतला आणि तिथे ठेवला. तो जरा मोठा होता. काच सरकेना.

मिस्त्रीने खिशातून स्क्रूड्रायव्हर काढला.