नऊ पट्टे आणि एक नोटीसवही

आमच्या नाशिकच्या शाळेत सगळ्यात जास्त चालणारं माणूस सगळ्यात जाड होतं, आणि हे कुणालाही पटत नव्हतं. नोटीसवही घेऊन शिपाई मावशी तीन मजले चढायच्या, वर्गावर्गात शिक्षकांच्या सह्या घ्यायच्या, खाली यायच्या, की पुढची नोटीस तयार! जिन्याच्या प्रत्येक वळणावर कठडा धरून त्या दम खायच्या. लोकांना नेमकं तेवढंच दिसायचं.

"मावशी, जरा हालचाल करत जा," मुख्याध्यापक खुर्चीतून न उठता सांगायचे.

मावशी हसायच्या. "सर, तुम्ही जिना चढता म्हंजी साठ किलो वर नेता. मी शंभर नेते. थकणार कोण?" मी गणिताचा मास्तर, हिशोब बिनचूक होता. तरी 'भात कमी करा' हा सल्ला मीही द्यायचो. आपल्या बापाचं काय जातं!

त्यांच्या डब्यात दीड भाकरी असायची. मी डबा विसरलो की त्यातली अर्धी माझ्यापुढे यायची. "खा सर, पोरांवर वरडायला पोटात कायतरी लागतं."

एका वर्षी आमच्या विश्वस्तांना आरोग्याचा झटका आला. शिक्षकांना पावलं मोजणारे मनगटी पट्टे वाटले गेले. महिनाभर जो सर्वांत जास्त चालेल, त्याचा सत्कार! शिपायांना पट्टे नव्हते. ही नोटीसही मावशींनीच तिन्ही मजले फिरवली.

दुसऱ्याच दिवशी भूगोलाच्या बाई म्हणाल्या, "मावशी, वर जाताच आहात, तर एवढा माझा पट्टा घाला ना." आठवडाभरात मावशींच्या हातांत हिरव्या बांगड्यांमागे नऊ काळे पट्टे झाले. त्यांतला एक माझा. "एकटी नऊ जणांची चरबी जाळतीय," त्या म्हणायच्या, आणि पोट धरून हसायच्या.

महिनाअखेर नऊ शिक्षक पहिले आले. विश्वस्त गहिवरले. हारांचं ताट घेऊन धापा टाकत आलेल्या मावशींना म्हणाले, "यांच्याकडून काहीतरी शिका!" आम्ही टाळ्या वाजवल्या.

जूनपासून शिपायांचं कंत्राट नव्यानं होणार होतं, आणि तंदुरुस्त नसेल त्याला काढणार होते. मावशींची लेक सिन्नरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला होती. "एवढं एकच वरीस निभावलं पायजे, सर. मी किती चालते, ते साहेबांना सांगाल का?"

"सांगतो की! त्यात काय!" मी म्हणालो.

कंत्राटाच्या बैठकीत विश्वस्तांनी विचारलं, "या बाईंना काम झेपतं का? काही हालचाल तरी आहे का त्यांची?" खरं सांगायचं तर पट्ट्यांचंही सांगावं लागणार होतं, आणि सत्काराची शाल माझ्या कपाटात होती. मी टेबलावरचं बिस्किट उचललं आणि गप्प बसलो. मला लाज वाटली. आजही वाटते.

पुढच्या आठवड्यात मी दुसऱ्या मजल्यावर शिकवत होतो. मावशी दारात दम खात उभ्या राहिल्या. मी वही उघडली. 'शिपाई मावशींची सेवा समाप्त होत असल्याने शनिवारी निरोप समारंभ. सर्वांनी उपस्थित राहावे.'

मावशींनी अजून हातातच असलेला माझा पट्टा सोडवला आणि टेबलावर ठेवला. "हा आता तुमचा तुम्हीच चालवा." मग वहीवर बोट ठेवून म्हणाल्या, "सही करा सर. वरचा मजला बाकी हाय अजून."

मी सही केली.