दोन फूट माती

दवाखान्यात सगळे तिला मावशी म्हणत, आणि तिची पाठ वळली की फूटपट्टी. ती तिथली माळीण. हातात कायम इंचांच्या खुणा केलेली काठी. खड्डा असो की वाफा, काठी घातल्याशिवाय मावशीचा कशावर विश्वास बसत नसे. माणसांवर तर त्याहून कमी.

दवाखान्यामागची जुनी कपडे धुण्याची खोली पाडली आणि तिथे रुग्णांसाठी बाग करायचं ठरलं; पुढे अशाच आणखी दोन व्हायच्या होत्या. जागा चाळीस फूट लांब, वीस फूट रुंद; खाली सगळा विटा-सिमेंटचा डबर. बांधकामाचे साहेब कागद नाचवत आले. सहा इंच माती, चार ब्रास, दोन ट्रक, काम खलास.

"ब्रास म्हणजे शंभर घनफूट, कळतं ना मावशी?"

"कळतं की. सहा इंचांत गवत उगवेल साहेब. झुडपं लावायची तर दोन फूट पाहिजे."

"वरून हिरवं दिसलं म्हणजे झालं. तुम्ही लावा हो."

"मग तुम्हीच लावा. मी नाही लावणार."

उगाच नव्हतं हे. आधीच्या नोकरीत तिने खाली मान घालून सहा इंचांत चाळीस रोपं लावली होती. मुळं डबराला टेकली, उन्हाळ्यात एकूण एक करपली आणि खापर फुटलं ते हिच्या डोक्यावर. मातीचं कुणी नावही काढलं नाही. हिच्या हाताला यश नाही म्हणून तिला घरी बसवलं. रोपांचं वाईट वाटलंच, पण आपण तेव्हा तोंड उघडलं नाही याची लाज तिला अजून वाटे.

म्हणून या वेळी तिने एक फूट उंचीचं खोकं काठोकाठ मातीने भरलं, चांगलं भिजवलं आणि दुसऱ्या दिवशी उचलून थेट मोठ्या डॉक्टरीणबाईंच्या टेबलावर ठेवलं. माती तीन इंच खाली बसली होती.

"बघा बाई. दोन फुटांना सोळा ब्रास. बसणार पाव, म्हणजे आणखी चार. वीस ब्रास, दहा ट्रक."

टेबलावर चिखल सांडला, पण बाईंनी सही केली. साहेबांचा चेहरा पाहण्यासारखा झाला.

"एका इंचाचा जरी फरक पडला ना मावशी, तर पुढच्या दोन्ही बागांचा हिशोब मी करणार. तुम्ही मध्ये तोंड घालायचं नाही."

"चालेल," मावशी म्हणाली. रागाच्या भरात बोलून बसली खरी.

दहा ट्रक आले, माती अडीच फुटांवर चढली, चार दिवस पाणी दिलं. पाचव्या दिवशी मावशीने काठी घातली. साडेबावीस इंच. जागा बदलून घातली, कोपऱ्यात घातली, भिंतीलगत घातली. काठीला काही दया येईना.

संध्याकाळी घरी नवरा शर्टाला काज करत बसला होता. शिंपी माणूस, शब्दही मापातच वापरणारा.

"अहो, पाव जास्त घेतली होती की मी!"

"मग जास्तीची घेतलीस ती बसत नाही होय? आटणाऱ्या कापडाला वीतभर जास्त घेतलं, तर ती वीतही आटतेच."

मावशीने कपाळावर हात मारला.

"पण दीड इंच कोण बघतंय?" तो म्हणाला. "झुडपं काय मोजायला येणार आहेत? गप लावून टाक."

त्याचं खोटं नव्हतं. दीड इंचाने एक पानही वाळलं नसतं.

"मागे सहा इंचांसाठी गप्प बसले," ती म्हणाली. "आता दीड इंचासाठी बसू?"

सकाळी ती साहेबांच्या खोलीत गेली. आवाज नेहमीसारखाच चढा.

"साहेब, माझा हिशोब चुकला. माती दीड इंच कमी पडलीय."

साहेब खुर्चीत असे फुलले की विचारू नका. "चुकला ना? मग ठरलं होतं काय?"

"ठरलं होतं तेच. हिशोब तुमचा. पण माती दोन फूट भरल्याशिवाय मी एक रोप हातात धरणार नाही. या बागेतही नाही आणि पुढच्या दोन्हींतही नाही. करा सुरुवात. अजून किती माती लागेल?"

न विचारताच खुर्ची ओढून ती समोर बसली. साहेबांनी कागद घेतला, चाळीस गुणिले वीस गुणिले दीड इंच केलं आणि ऐटीत खाली लिहिलं: एक ब्रास.

मावशीने कागदावर वाकून पाहिलं.

"आणि ही बसणार नाही वाटतं?"

साहेबांनी लिहिलेलं खोडलं.