उशीवरची लेकरं

नळदुर्गात स्टँडजवळ आमचं झेरॉक्सचं दुकान आहे. तिथल्या प्रिंटरवर मी काय काय छापलं असेल, पण जीव लावून छापलं ते एका उशीसाठी.

माझ्या सासूबाई, आम्ही त्यांना आत्याबाई म्हणतो, हळूहळू माणसं विसरायला लागल्या. "माझी लेकरं कुठं हायत?" हे दिवसभर चालायचं. त्यांच्या चार लेकरांतला एक म्हणजे माझा नवरा, तो समोर बसून चहा पीत असला तरी हेच! शेवटी मी चौघांचे फोटो मांजरपाटावर छापले. कापड स्टिकर पेपरला चिकटवलं की प्रिंटर मुकाट्यानं ओढून घेतो. उशीचा अभ्रा शिवून दिला. आत्याबाई एकेका चेहऱ्यावरून हात फिरवत बसल्या आणि त्या दिवशी त्यांनी काहीच विचारलं नाही.

पण नवं कापड घरात आलं की आधी पाण्यातून काढायचं, ही त्यांची जन्माची सवय. दुसऱ्याच दिवशी अभ्रा धुण्याच्या दगडावर! मी तापट बाई, ओरडलेच, "अहो आत्याबाई, काय करून ठेवलं हे!" बादलीत निळं पाणी, हातात कोरं कापड. त्या तिथंच बसून रडायला लागल्या, "म्या धुऊन टाकली गं माझी लेकरं." मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मागच्या गल्लीत एक चाचा राहतात. त्यांची सगळी हयात साड्या रंगवण्यात गेली. मी तो ओला अभ्रा घेऊन त्यांच्याकडं गेले. त्यांनी कापड चिमटीत चोळलं आणि मलाच झापलं.

"खळ काढली न्हाय व्हय? शाई खळीवर बसली, खळीसंगं गेली."

घ्या! कोऱ्या कडक कापडावर शाई पक्की बसेल म्हणून मी छापायच्या आधी ते धुतलंच नव्हतं.

"मशीनच्या शाईचं मला ठाव न्हाय बेटी, कापडाचं ठाव हाय," म्हणत त्यांनी रीत सांगितली. आधी सोड्याच्या गरम पाण्यात खळ काढायची, मग तुरटीच्या पाण्यात भिजवून सावलीत वाळवायचं, इस्त्री करून छापायचं. छापल्यावर दोन दिवस हात लावायचा नाही, मग उलट्या बाजूनं कडक इस्त्री. माझे दोन तुकडे वाया गेले. चाचा गुडघे धरत दोन्ही वेळा दुकानात आले, न चिडता. त्यांचे उपकार मी कशानं फेडू?

तिसऱ्या तुकड्याचा अभ्रा आत्याबाईंनी धुवायला घेतला तेव्हा मी अडवलं नाही. त्यांनी साबण लावून चांगला घासला. पाणी जरा निळसर झालं, रंग थोडा उतरला, पण चौघंही जागच्या जागी! मी मनातल्या मनात चाचांच्या पाया पडले.

आत्याबाईंनी अभ्रा दोरीवर टाकला. एकेका चेहऱ्यावर बोट ठेवलं. मग कपाळाला आठ्या घालून माझ्याकडं वळल्या. माझं नाव त्या केव्हाच विसरल्या होत्या.

"आन मला जेवू घालती ती कुठाय गं? तिला न्हाय घेतलं व्हय?"