सोड्याची गोणी आणि मोळीचा दगड

"ताई, आता पुढं काय? वर येतच नाय."

पन्नास किलोची सोड्याची गोणी छातीशी धरून धर्मा उकिडवा बसला होता. पुढचं माझ्या पत्रकात होतं: गुडघे वाकवा, पाठ सरळ ठेवा, उठा. अंबरनाथच्या युनियन ऑफिसात खुर्चीवर बसून मीच ते लिहिलं होतं. आज फॅक्टरीत मॅनेजर देसाईसाहेबांसमोर त्याचा डेमो होता.

धर्माची कंबर आधीच एकदा धरली होती. हे फक्त आम्हा दोघांना ठाऊक. काँट्रॅक्टचा माणूस, कंबर गेली की काम गेलं. वाचवायचं त्यालाच होतं, आणि शहाणपणा करून पुढे केलं मी त्यालाच.

गोणी धप्पकन पडली. धर्माचा हात कमरेवर गेला.

"लागलं काय रे?" साहेबांनी विचारलं.

"नाय साहेब. हात सुटला."

खरं सांगता येत नव्हतं. तरी मी भांडलेच. "गोणी हलकी करा!"

"ऑर्डर पन्नासचीच आहे, मॅडम. फेल तुमचं पत्रक झालंय, गोणी नाही."

धर्मा हळू आवाजात म्हणाला, "आमच्या बारवीच्या रानात मोळी कोनी भुईवरून उचलत नाय. उंच दगडावर टेकवायची, तिथून डोक्यावर घ्यायची."

"मग काय, फॅक्टरीत दगड आणू?" साहेबांनी विचारलं.

"आणा," मी म्हटलं.

गोणी भरायची हॉपरखाली. हॉपर म्हणजे वरून सोडा सोडणारं पत्र्याचं मोठं नरसाळं. त्याच्या तोंडाखाली वजनाचा काटा, काट्यावर गोणी, आणि सगळं जमिनीला टेकलेलं. आम्ही फळ्या ठोकून कमरेइतका ओटा केला, काटा त्यावर चढवला. वेल्डरने हॉपरचं तोंड तेवढंच आखूड केलं. आता गोणी भरायची वर, शिवायची वर, आणि तिथूनच पाठीवर घ्यायची.

"आठवडाभर बघतो," साहेब म्हणाले. "माल अडला तर काढून टाकीन."

"ओटा?"

"ओटाही आणि हा धर्माही."

तो आठवडा मी रोज सुट्टीच्या भोंग्याला गेटवर उभी. धर्मा कसा चालतो तेवढंच बघायचं. मंगळवारी तो कमरेवर हात ठेवून आला. शनिवारी आला तो ताठ, वर हसत. "ताई, रोज काय माझी चाल बघायला येता? बायको इचारते कोन ती."

माल अडला नाही. ओटा राहिला, धर्माही राहिला. देसाईसाहेबांनी इन्स्पेक्टरला दाखवायला ओट्याच्या वर माझं जुनं पत्रक चिकटवलं. खाली ओटा होता, म्हणून मी ते फाडलं नाही.

नवीन पत्रकाची पहिली ओळ: 'गोणी कमरेच्या उंचीवर ठेवा.' ती मालकासाठी. गुडघ्यांचं आता मी सगळ्यात शेवटी लिहिते.