दोनशे ग्रॅम रताळं आणि अर्धा ग्लास पाणी

संकष्टी होती. सकाळपासून पोटात चमचाभर साबुदाणा होता, आणि फ्रिज उघडला तर काचेच्या डब्यात उकडलेलं रताळं. आता मराठी घरात संकष्टीच्या दिवशी उकडलेलं रताळं कुणासाठी असतं? मी ते ओट्यापाशी उभ्या उभ्या, वर दही-साखर घालून संपवलं. झाकणावर चिकटपट्टी लावून '४' असं लिहिलेलं होतं. बायकोने डब्यांना नंबर घातले असतील, असं मला वाटलं. तीस वर्षं सरकारी फायलींत काढलेला माणूस मी. कशावर नंबर दिसला की मला शंका येत नाही, उलट बरं वाटतं.

ते रताळं माझ्या मुलाचं होतं. दोनशे ग्रॅम, काट्यावर तोललेलं, त्याचं दिवसातलं चौथं जेवण. रविवारी त्याची शरीरसौष्ठवाची पहिली स्पर्धा होती आणि हा शुक्रवार होता. गेले चार महिने आमच्या दिल्लीतल्या द्वारकेच्या फ्लॅटमध्ये एक माणूस काट्यावर तोलून जेवत होता आणि बाकीचे दोघे श्वाससुद्धा तोलून घेत होते.

चारच्या सुमाराला तो जिममधून आला. गालफडं आत गेलेली, डोळे खोल. फ्रिज उघडला, डबा बघितला, मग माझ्याकडे बघितलं. माझ्या मिशीला दही होतं.

"बाबा, तू माझं मील खाल्लंस?"

"अरे, मला वाटलं उपासाचं आहे. दुसरं उकडून देतो ना, दहा मिनिटांत."

त्याने फ्रिजच्या दारावर ठोसा मारला. पत्रा वाटीएवढा आत गेला. वरची लोणच्याची बरणी खाली पडून फुटली. दुसरा ठोसा भिंतीवर बसला आणि त्याच्या बोटांचं रक्त पांढऱ्या रंगावर उठलं. मग त्याने माझी कॉलर धरली आणि मला भिंतीला दाबून असं वर उचललं की माझ्या फक्त चवड्यांना जमीन लागत होती. माझं वजन ब्याण्णव किलो आहे. घाबरता घाबरताही मनात आलं, पोराने मेहनत केली आहे खरी.

"चार महिने. चार महिने यार, आणि तू दही घालून..." त्याच्या तोंडाला सुकलेल्या माणसाचा आंबूस वास येत होता. मला तो वास ओळखीचा होता. छत्तीस-सदतीस वर्षांपूर्वी तो मी इतक्याच जवळून घेतला होता, आणि तेव्हाही माझी कॉलर कुणाच्या तरी मुठीत होती.

बायको बेडरूममधून आली. ती ओरडली नाही. तिने फ्रिजमधली थंडगार बाटली काढली, झाकण उघडलं आणि आमच्या दोघांच्या डोक्यांवर उपडी केली. "काचा उचला दोघांनी," एवढंच म्हणाली. मुलाने मला सोडलं. मी खाली बसून काचा वेचायला लागलो. एक काच बोटात गेली, वर लोणच्याचा खार झोंबला, आणि माझंही रक्त आलं. त्या दिवशी आमच्या स्वयंपाकघरात दोन पिढ्यांचं रक्त सांडलं, तेही एका रताळ्यापायी.

पण माझं लक्ष त्या रक्ताकडे नव्हतं. शुक्रवार गेला की शनिवार, आणि शनिवार म्हणजे बिनपाण्याचा दिवस. हे मला माहीत होतं, कारण माझ्या दादाचं पाणी मीच बंद केलं होतं.

तेव्हा आम्ही लक्ष्मीबाई नगरच्या सरकारी क्वार्टरमध्ये राहायचो. दादा तेवीस वर्षांचा, नुकताच नोकरीला लागलेला. मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला. तो करोल बागेतल्या एका तळघरातल्या व्यायामशाळेत जायचा. तिथले उस्ताद सांगतील ते त्याचं खाणं. वर्षभर दूध, तूप, बदाम, आणि स्पर्धा जवळ आली की सगळं एकदम तोडायचं. मग सकाळी वीस अंडी, त्यातलं फक्त पांढरं. दुपारी आणि संध्याकाळी बिनमिठाची उकडलेली कोंबडी, कारल्याचा रस. आमच्या घरात अंडं शिजत नव्हतं, त्यामुळे आईने मागच्या अंगणात वेगळा स्टोव्ह दिला होता. बाजारातली कापलेली कोंबडी शिळी असते असं उस्तादांचं मत, म्हणून दादा जिवंत आणायचा आणि अंगणातच मान पिरगळायचा. पंख उडायचे, रक्त मोरीत वाहायचं, शेजारच्या मद्रासी काकू खिडकी लावून घ्यायच्या. एकदा एक कोंबडी अर्धवट मान घेऊन त्याच्या हातून निसटली आणि आईच्या तुळशीभोवती दोन फेऱ्या मारून पडली. आई चार दिवस त्याच्याशी बोलली नाही.

अंड्यांचे पिवळे बलक मात्र वाया जाऊ नयेत म्हणून ते मला मिळायचे. रोज वीस. दादाच्या पोटावर चौकटी दिसायला लागल्या आणि माझ्या पोटाने जो आकार घेतला तो आजतागायत सोडलेला नाही. हल्ली माझा मुलगा अख्खी अंडी खातो. बलकातच सगळं असतं म्हणे. हे मला तेव्हा कुणी सांगितलं असतं तर मी निदान अभिमानाने जाड झालो असतो.

त्या मे महिन्यात आई-वडील लग्नासाठी नागपूरला गेले होते आणि दादाची स्पर्धा होती. उस्तादांचा हुकूम, दोन दिवस आधी पाणी बंद. थेंबही नाही. वर अंगातलं पाणी उतरवायच्या गोळ्या. म्हणजे कातडी कागदासारखी स्नायूंना चिकटते आणि एकेक शीर दिसते. बाहेर लूचे गरम वारे सुटलेले, कूलरची टाकी कोरडी. दादाने मला मागच्या खोलीची किल्ली दिली आणि म्हणाला, "मला बाहेरून कोंडून घाल. मी कितीही मागितलं तरी पाणी द्यायचं नाही. दिलंस तर हाडं मोडीन."

पहिला दिवस गेला. दुसऱ्या दिवशी दुपारी त्याने आतून हाक मारली. आधी लाडाने, मग आईची शपथ घालून, मग शिव्या देऊन. मी दारापाशी माठाला पाठ लावून बसलो होतो आणि कानांत बोटं घातली होती. मग तो रडायला लागला. मोठा भाऊ रडताना ऐकू आला की काय करायचं ते मला माहीत नव्हतं, म्हणून मी काहीच केलं नाही. मग दारावर खांदा आदळायला लागला. तिसऱ्या धडकेला कोयंडा चौकटीसकट निघाला.

त्याने पहिल्यांदा मारलं ते पाणी दिलं नाही म्हणून. कॉलर धरली, भिंतीवर डोकं दोनदा आपटलं, मग तोंडावर ठोसा. माझा वरचा एक दात तिथेच जमिनीवर पडला. मी रक्त थुंकत माठाकडे गेलो आणि ग्लास भरायला घेतला. अर्ध्यावर आलो आणि थांबलो. पूर्ण दिला तर त्याचा हुकूम मोडतो, नाही दिला तर तो मला मोडतो. अर्धा दिला तर दोन्ही बाजू राहतील. पुढे नोकरीत माझ्या याच गुणाचं कौतुक झालं. त्या दिवशी झालं नाही.

अर्धा ग्लास तो एका घोटात प्यायला. मग त्याचं लक्ष आरशाकडे गेलं. स्वतःच्या पोटाकडे बघितलं, माझ्या हातातल्या ग्लासकडे बघितलं, आणि दुसऱ्यांदा मारलं. या वेळी पाणी दिलं म्हणून. मी पडलो तेव्हा त्याने माठ उचलून अंगणात फेकला. खापऱ्या तुळशीपर्यंत गेल्या. नळाला पाणी सहाला यायचं. तोवर आम्ही दोघे त्या घरात कोरडे बसलो, मी तोंडात फडका धरून, तो भिंतीकडे तोंड करून.

दुसऱ्या दिवशी स्पर्धेच्या मंडपात, तेल लावलेल्या अंगाने, पाठ दाखवायची पोझ घेताना त्याच्या दोन्ही मांड्यांत एकदम गोळे आले. तो फळकुटांवर तोंडघशी पडला. हनुवटी फुटली, पाय कोंबडीसारखे झाडत राहिला. लोकांना आधी ती नवी पोझ वाटली. कुणीतरी टाळ्याही वाजवल्या. सरकारी इस्पितळात त्याला सलाइन लावलं. बाटलीतून थेंब पडताना तो माझ्याकडे बघून म्हणाला, "अर्धा ग्लास नडला. तू पाणी दिलं नसतंस तर उभा राहिलो असतो."

हे त्याने पुढे तीस वर्षं सांगितलं. लग्नकार्यात, दिवाळीत, माझ्या सासरच्या मंडळींसमोर. दादाने मग आणखी सहा-सात स्पर्धा केल्या, त्याच गोळ्या, तीच तहान. नव्वदच्या दशकात करोल बागेत प्रोटीनचे डबे आले, दादा स्वतः उस्ताद झाला. उकडलेल्या कोंबडीच्या जोडीला पावडर आली, सुया आल्या, पण पाणी बंद करणं गेलं नाही. पाणी चोरून पिणाऱ्या पोरांना तो पट्ट्याने फोडायचा. आता त्याच्या दोन्ही किडन्या गेल्या आहेत. नोएडाला राहतो, आठवड्यातून तीनदा डायलिसिसला जातो.

शुक्रवारी काचा उचलून झाल्यावर मी त्याला फोन केला. "पोरगा पाणी तोडणार. तू ये. माझं ऐकायचा नाही."

"त्याने तुझी कॉलर धरली?"

"तुला कुणी सांगितलं?"

"कुणी कशाला सांगायला पाहिजे," दादा म्हणाला.

शनिवार त्याचा डायलिसिसचा दिवस नव्हता. मेट्रोच्या निळ्या लाइनीने दीड तास बसून तो आला, हातात पाण्याची बाटली, तिच्यावर पेनने रेघा मारलेल्या. डॉक्टर त्याला दिवसाला लिटरभरच पाणी देतात, आणि त्यात चहा, वरण सगळं आलं. अर्ध्या बाह्यांचा शर्ट मुद्दाम घातला होता. डाव्या दंडावर जिथे एकेकाळी बेटकुळी उड्या मारायची, तिथे डायलिसिसच्या सुयांनी फुगलेली शीर गांडुळासारखी वळून बसली आहे. त्याने तो हात माझ्या मुलासमोर टेबलावर ठेवला.

"बोट लाव. लाव. थरथरते ना? हे पाणी तोडल्याने झालेलं आहे. आता सांग, पाणी कधी तोडलंस?"

मुलाने शिरेवर बोट ठेवलं आणि उचललं. ठोसा मारलेल्या मुठीला पट्टी होती. "काका, मी पाणी नाही तोडत."

"खोटं बोलू नकोस. स्पर्धा उद्या आहे."

"बिल्कुल नाही. हे बघा ना." त्याने फोन पुढे केला. त्याच्या कोचने दिवसाचा तक्ता पाठवला होता. भात किती, रताळं किती, मीठ किती; होय, मीठसुद्धा. आणि पाणी, पाच लिटर. "आता कुणी नाही तोडत काका, म्हणजे शहाणे लोक तरी. स्नायूंतच पाणी असतं. तोडलं तर उलट सपाट दिसतात, आणि गोळे येतात. स्टेजवर माणूस पडतो."

मी त्याला डोळ्यांनी गप्प करत होतो. पण तो भुकेला होता, आणि भुकेल्या माणसाला दुसऱ्याचे डोळे दिसत नाहीत.

दादा बराच वेळ फोनकडे बघत राहिला. वाचत नव्हता, चष्मा खिशातच होता. मग उठला. मला वाटलं, पोराला मारतो. तो माझ्याकडे वळला. कॉलर धरली. अंगात जोर नव्हता, पण पकड तीच, अंगठा गळ्याच्या खळीत. मला भिंतीला नेलं. माझं डोकं मागे आदळलं, हलकेच, एकदा.

"मग तेव्हा अर्धाच का दिलास?" तो म्हणाला. "पूर्ण ग्लास द्यायचा होतास."

मला त्याच्यावर हसता आलं नाही. मागे तीस वर्षं ऐकवलेलं सगळं होतं आणि पुढे हा. "दादा, तू मारत होतास," मी म्हणालो.

"मग? मार खायचा. आणि पूर्ण द्यायचा."

मुलगा मधे पडला. त्याने काकाची मूठ एकेक बोट करून सोडवली, इतकी हळू की कालचा तो हाच का, असा प्रश्न पडावा. मग दादाला खुर्चीत बसवून माझ्याकडे वळून म्हणाला, "सॉरी बाबा. कालसाठी पण." दादाने त्याच्या तोंडावर एक थप्पड दिली, कालच्यासाठी, आणि पट्टी बांधलेला हात हातात घेऊन बसला. मग मुलगा घड्याळ बघून उठला आणि अर्धा लिटर पाणी आमच्या देखत प्यायला. दादा त्याच्या गळ्याची घाटी खालीवर होताना बघत होता.

रविवारी मुलाचा कितवा नंबर आला ते मी लिहीत नाही. त्याने तशी ताकीद दिली आहे, आणि फ्रिजचं दार अजून बदललेलं नाही. पडला नाही, एवढं लिहायला त्याची हरकत नाही.

त्या शनिवारी मी दादाला मेट्रोपर्यंत सोडून उन्हातून परत आलो. घसा कोरडा पडला होता. ओट्यावर एक ग्लास अर्धा भरलेला होता. मी तो उचलला आणि एका घोटात संपवला.

बायको कणीक मळत होती. माझं पिऊन होईपर्यंत थांबली.

"निघताना भाऊजींना मी पूर्ण ग्लास भरून दिला होता," ती म्हणाली. "अर्धा पिऊन ठेवला त्यांनी. म्हणाले, उरलेला धाकट्याला राहू दे. मी म्हटलं, उष्टं आहे, हे आल्यावर विचारून देईन. पण समोर दिसलं की विचारायचं नाही, हे कालच्या रताळ्यानेसुद्धा तुमचं गेलं नाही."